कारागिराचे चरित्र आणि त्याचा वंश : जावजी दादाजींच्या निमित्ताने

मराठी चरित्रवाङ्मयाची चर्चा आपल्याकडे बहुधा तीन प्रकारच्या नायकांभोवती फिरते : संत, राजपुरुष आणि सुधारक. ज्याने आयुष्यभर एक कसब केले, त्या कसबावर धंदा उभारला आणि तो धंदा मुलांच्या हाती देऊन जो गेला, अशा माणसाचे चरित्र कसे लिहावे हा प्रश्न या चर्चेत क्वचितच उपस्थित होतो. अशी चरित्रे मराठीत नाहीत असे नव्हे. ती आहेत; परंतु ती लिहिताना चरित्रकार ज्या साच्याचा आश्रय करतो तो साचा दुसऱ्याच कोणासाठी घडविलेला असतो, आणि मग नायकाच्या जीवनातील जो भाग सर्वांत महत्त्वाचा तोच नेमका साच्याबाहेर राहतो. निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांच्याविषयी आजवर जे लेखन झाले आहे ते या दृष्टीने तपासून पाहण्याजोगे आहे.

या लेखनाची सामग्री थोडी नाही. गोविंद नारायण माडगावकरांच्या ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या ग्रंथात जावजींच्या आधीच्या पिढीतील मुद्रकांची, विशेषतः गणपत कृष्णाजींची, हकीगत आली आहे. अ. का. प्रियोळकरांनी भारतातील मुद्रणाच्या इतिहासावरील आपल्या इंग्रजी ग्रंथात (१९५८) मुंबईच्या देवनागरी मुद्रणाचा साधार आढावा घेतला. पु. बा. कुलकर्णी यांनी ‘निर्णयसागरची अक्षरसाधना’ (१९६७) हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि बापूराव नाईक यांनी देवनागरी मुद्राक्षरांवरील आपल्या त्रिखंडात्मक इंग्रजी ग्रंथात (१९७१) तांत्रिक बाजू पाहिली. या चौघांच्या परिश्रमाविषयी आदर बाळगूनच पुढील विवेचन केले आहे. रोख कोणा एका ग्रंथावर नसून, या सर्व सामग्रीतून वाचकांच्या मनात जे एक चरित्र रूढ होऊन बसले आहे, त्यावर आहे.

ते रूढ चरित्र थोडक्यात असे. गरिबाघरचा जन्म, शिक्षण बेताचे, लहान वयातच मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपये पगारावर खिळे घासण्याची नोकरी, तेथून ‘टाइम्स’चा छापखाना, नंतर ‘इंदुप्रकाश’ व ‘ओरिएंटल’, १८६४ साली स्वतःची ओतशाळा, १८६९ साली छापखाना, पुढे १८८६ पासून ‘काव्यमाला’, आणि मृत्यूच्या वेळी सर्व हिंदुस्थानात संस्कृत ग्रंथांच्या सुबक व शुद्ध छपाईसाठी ख्यातनाम झालेली संस्था. तपशिलाला यात फारसे चुकीचे काही नाही. परंतु या कथनात ‘दोन रुपये’ हा आकडा जे काम करतो ते पाहण्यासारखे आहे. तो सांगितला की पुढचे सारे आपोआप अर्थपूर्ण होते; दारिद्र्यापासून कीर्तीपर्यंतची चढण वाचकाला दिसते आणि तिचे श्रेय उद्योग, सचोटी, चिकाटी या गुणांना दिले जाते. सॅम्युअल स्माइल्सचे स्वावलंबनावरील पुस्तक १८५९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या वाचनाने इंग्रजी शिकलेल्या पिढीच्या मनात चरित्राचा एक नमुना तयार झाला, हे सर्वश्रुत आहे. विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ मासिकातून (आरंभ १८८१) मुलांसाठी जी पुष्कळ चरित्रे लिहिली त्यांच्यावरही या नमुन्याची छाया आहे. आणि ‘बालबोध’ निर्णयसागरातच छापले जाई, तेव्हा धन्याच्या चरित्राला तो साचा लागू व्हावा यात नवल नाही.

या साच्याचा दोष असा की, तो गुण सांगतो आणि कसब गाळतो. उद्योग व सचोटी हे गुण किराणा दुकानदाराच्याही अंगी असू शकतात. जावजी शेवटी टाइप ओतणारे झाले, पीठ विकणारे झाले नाहीत. मग त्या दोन रुपयांच्या नोकरीत ते नेमके काय शिकले? ‘खिळे घासणे’ हे शब्द रूढ चरित्रात केवळ हलक्या कामाचे द्योतक म्हणून येतात. ते काम काय होते हे पाहिले म्हणजे चरित्राचा सारा तोलच बदलतो.

पोलादी पंचावर अक्षर उलटे कोरावयाचे, तो पंच तांब्याच्या तुकड्यावर ठोकून खोलगट ठसा उमटवावयाचा, तो ठसा साच्यात बसवून त्यावर शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस ओतावयाचा, अशी खिळे तयार करण्याची जुनी रीत होती. साच्यातून निघालेल्या खिळ्याला खाली धातूचे शेपूट असते व कडांना कंगोरे असतात. शेपूट मोडून कडा दगडावर घासल्या म्हणजे खिळा जुळणीस योग्य होतो. रोमन लिपीत प्रत्येक अक्षर शेजाऱ्यापासून सुटे असते, त्यामुळे घासण्यात केसभर फरक पडला तर अंतर किंचित कमी-अधिक दिसते, एवढेच. देवनागरीचे तसे नाही. येथे अक्षरांच्या माथ्यावर शिरोरेषा आहे आणि ती एका खिळ्यावरून दुसऱ्यावर अखंड गेली पाहिजे. बाजू कमी घासली गेली तर रेषेत फट पडते. जास्त घासली गेली तर रेषेचे टोक जाते व अक्षर अरुंद होते. खिळ्याची उंची चुकली तर एक अक्षर ठळक व दुसरे पुसट उमटते. शिवाय वेलांटी, मात्रा, रफार हे अवयव अक्षराच्या अंगाबाहेर झुकलेले असतात, आणि ते न मोडता घासणे हे नवख्याचे काम नव्हे. जुन्या पद्धतीत ओळ तीन मजल्यांत जुळवीत असत : मध्ये अक्षर, वर मात्रा व अनुस्वार, खाली उकार. या मजल्यांचे सांधे छापील पानावर उघडे पडत. म्हणजे ज्या मुलाने वर्षानुवर्षे देवनागरीचे खिळे घासले, त्याच्या बोटांना हे पक्के ठाऊक झाले असले पाहिजे की, या लिपीत छपाई बिघडते ती कोठे. निर्णयसागरी टाइपाची पुढे जी कीर्ती झाली ती याच सांध्यांच्या सफाईसाठी. दोन रुपयांच्या कामाचा आणि त्या कीर्तीचा संबंध हा असा आहे, आणि तो गुणांच्या यादीत सापडत नाही.

येथून आपण वंशाच्या प्रश्नाकडे येतो. मराठीत घराण्यांचा इतिहास लिहिण्याची परंपरा समृद्ध आहे. विसाव्या शतकात, प्रामुख्याने चित्पावन घराण्यांचे, अनेक कुलवृत्तांत प्रसिद्ध झाले, आणि ते चिकाटीने केलेले काम आहे याबद्दल दुमत होऊ नये. तथापि कुलवृत्तांताचा पाया वतन, इनाम, गोत्र, कुलदैवत व स्थलांतर यांवर असतो. ज्या घराण्याजवळ जमिनीची सनद नाही, ज्याचे नाव दप्तरात नाही, त्याला हा प्रकार फारसा उपयोगी पडत नाही. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतून चार-पाच पिढ्यांची नावे निघतील. परंतु नावांची साखळी म्हणजे इतिहास नव्हे. कारागिराच्या घराण्यात जी मिळकत पिढीकडून पिढीकडे जाते ती कसबाची, हत्यारांची, गिऱ्हाइकांची आणि नावाच्या पतीची असते. तिची नोंद कुलवृत्तांताच्या रकान्यांत बसत नाही.

वंश जन्माने होतो तसा विद्येनेही होतो, हे आपल्या वैयाकरणांनी मानलेलेच आहे. ज्या सिद्धांतकौमुदीवर आपल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या पोसल्या तिच्या निर्णयसागरी प्रती अद्याप ग्रंथालयांतून आढळतात. ही दुहेरी कल्पना जावजींच्या बाबतीत गांभीर्याने लावून पाहिली पाहिजे. जन्माच्या वंशाविषयी त्यांच्या चरित्रात मोजकेच सांगता येते. विद्येचा वंश मात्र बराच स्पष्ट आहे, आणि त्याचे मूळ आश्चर्य वाटावे इतके दूरचे आहे. अमेरिकेतील मिशनरी बोर्डाची पहिली मंडळी १८१३ साली मुंबईस आली. काही वर्षांत तिने छापखाना घातला आणि त्यासाठी जेम्स गॅरेट हा मुद्रक काम पाहू लागला. १८३१ साली तो वारला. पुढे एलायजा वेब्स्टर हा दुसरा अमेरिकन मुद्रक आला, आणि त्या छापखान्यात तयार झालेल्या टॉमस ग्रॅहॅमने देवनागरी व गुजराती टाइपांत पुष्कळ सुधारणा केली. ग्रॅहॅमच्या हाताखाली गणपत कृष्णाजी वावरले, आणि नंतर लहानगे जावजीही. धर्मप्रसारासाठी आलेल्या परदेशी कारागिरांनी येथे जे कसब आणले, ते पंचांगे, पोथ्या व संस्कृत काव्ये छापण्यासाठी वापरले गेले. इतिहासातील हा उपरोध कोणी सजवून सांगण्याची आवश्यकता नाही. तो वस्तुस्थितीतच आहे.

गणपत कृष्णाजींचे उदाहरण या विद्यावंशात मधल्या दुव्याचे आहे. १८३१ साली त्यांनी शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले आणि १८४० नंतरच्या दशकात ते टाइपाकडे वळले. छापील पोथीच्या शाईत चरबी असते या शंकेने सोवळे लोक ती हाती धरीत नसत. तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली, ही हकीगत प्रसिद्ध आहे. ही हकीगत आपण बहुधा जुन्या लोकांच्या भोळेपणाचा मासला म्हणून सांगतो. वास्तविक ती धंद्याच्या इतिहासातील एक महत्त्वाची नोंद आहे. शाईचे पाक व प्रमाण स्वतःच्या हाताखाली असल्याशिवाय असा बदल करता येत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या मनातील अडसर ओळखल्याशिवाय तो सुचत नाही. ही दोन्ही कामे एकाच माणसाने केली.

आता जन्माच्या वंशाकडे पाहू. निर्णयसागरच्या घराण्याचा एक इतिहास असा आहे की, जो कोणी लिहिलेला नाही, पण जो हजारो प्रतींत छापलेला आहे. तो म्हणजे ग्रंथांच्या मुखपृष्ठावरील तळाची ओळ. ‘काव्यमाले’च्या आरंभीच्या पुस्तकांवर इंग्रजीत ‘निर्णयसागर छापखान्याच्या प्रोप्रायटरने छापून प्रसिद्ध केले’ अशा अर्थाची ओळ आढळते. माणसाचे नाव नाही, हुद्दा आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील ग्रंथ पाहावेत तर तेथे ‘तुकाराम जावजी’ हे नाव दिसते. पुढे, विशेषतः १९२० व १९३० नंतरच्या दशकांत, ‘पांडुरंग जावजी’. आणि १९४० नंतरच्या ग्रंथांवर ‘सत्यभामाबाई पांडुरंग’. या चार ओळी एकाखाली एक मांडल्या म्हणजे एका घराण्याची साठ वर्षे आपल्यापुढे उभी राहतात. मालकाचे नाव न घालणारी पहिली पिढी. बापाचे नाव आपल्या नावापुढे लावून ते प्रत्येक पुस्तकावर छापणारे दोन मुलगे. आणि शेवटी, पतीच्या नावाने धंद्याची धुरा वाहणारी स्त्री. जावजींचे नाव त्यांच्या हयातीत पुस्तकांवर मुळीच येत नसे असे नाही. ‘जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्यात’ अशाही ओळी आढळतात. परंतु ते नाव विद्वानांच्या जगात घरोघरी पोचले ते मुलांच्या नावातील दुसरा शब्द म्हणून, आणि तेही त्यांच्या मृत्यूनंतर.

सत्यभामाबाईंच्या नावाकडे अभ्यासकांचे लक्ष गेलेले नाही, याचे मला विशेष आश्चर्य वाटते. संस्कृत ग्रंथप्रकाशनाच्या इतिहासात संपादक पंडितांची नावे आपण आदराने घेतो : जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद, काशीनाथ पांडुरंग परब, वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर, नारायण राम आचार्य. ते योग्यच आहे. परंतु ज्या दशकात महायुद्धाने कागद दुर्मीळ केला, त्या दशकात या ग्रंथांवर प्रकाशक म्हणून एका स्त्रीचे नाव छापले जात होते, ही गोष्ट स्त्रियांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना उपेक्षणीय वाटू नये. ते नाव केवळ कायदेशीर मालकीपुरते होते की कारभारही त्या पाहत, या प्रश्नाचा शोध घेता येण्याजोगा आहे. तो न घेताच आपण त्या ओळीवरून नजर पुढे नेतो.

या ओळींत आणखी एक गोष्ट आहे : आडनाव नाही. जावजींचे आडनाव चौधरी. ते चरित्रकोशांत येते, मुखपृष्ठावर नाही. गणपत कृष्णाजींना तर आपण आडनावाने ओळखतच नाही. मुरबाडशी ज्यांच्या घराण्याचे नाते सांगितले जाते ते जगन्नाथ शंकरशेट (१८०३–१८६५) यांचे आडनाव मुरकुटे. ते किती जणांना आठवते? पु. बा. कुलकर्णी यांनी नानांचेही चरित्र लिहिले आहे, आणि पेढी व ओतशाळा या दोन्ही जगांचे चरित्रकार तेच असल्याने ही तुलना त्यांच्या वाचकाला सहज सुचावी. मुंबई-ठाण्याच्या उदमी व कसबी घराण्यांत नावाची पत ही व्यक्ती व तिचा पिता यांच्या जोडनावात होती. आडनाव धरून वंशावळ शोधू पाहणारा विद्यार्थी येथे हमखास वाट चुकतो. त्याने पत ज्या नावात होती त्या नावाचा माग काढला पाहिजे.

एवढे झाल्यावर मुख्य आक्षेपाकडे येतो. निर्णयसागरचे टाइप कोणी कोरले? जावजींचे स्नेही राणोजी रावजी आरू यांनी. प्रियोळकर, नाईक प्रभृती अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. ते लपविले गेले आहे असे कोणी म्हणू नये. परंतु रूढ चरित्रात राणोजींचे स्थान कोणते? ते ‘साहाय्यक’ म्हणून, एखाद्या वाक्यापुरते येतात. ज्या अक्षरांच्या वळणाने मराठी व संस्कृत वाचकाची नजर घडविली, इतर छापखान्यांनीही जे टाइप मागवून वापरले, त्या अक्षरांचा कर्ता एका वाक्याचा धनी. मुखपृष्ठावर वर संपादकाचे नाव, खाली मालकाचे. कोरणाऱ्याचे कोठेच नाही. कुलकर्णींच्या ग्रंथाच्या नावाकडे या दृष्टीने पाहावे. ‘निर्णयसागरची अक्षरसाधना’ हे शीर्षक सुंदर आहे, पण त्यात साधना संस्थेची आहे. संस्था साधना करीत नाही. कोणी तरी दिव्याच्या उजेडात, भिंग लावून, पोलादाच्या टोकावर ‘क्ष’ उलटा कोरतो.

यावर जावजींच्या बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. पंच कोरणारा एकटा धंदा उभा करू शकत नाही. कोणते अक्षर पुरे झाले, कोणते पुन्हा कोरावयाचे, याचा निर्णय घेणारी नजर लागते. चालत्या धंद्यातील पैसा अशा कामात गुंतविण्याची तयारी लागते, आणि कसबी माणूस दुसरीकडे न जाता आपल्याकडे टिकेल असे वागावे लागते. खिळे घासून वाढलेल्या मालकाला राणोजींच्या कामाची पारख होती, हीच त्या दोघांच्या सहकार्याची गुरुकिल्ली असावी. नुसत्या भांडवलदाराला ती पारख आली नसती. म्हणून प्रश्न श्रेय कमी-अधिक करण्याचा नाही. एकाच विद्यावंशातील दोन माणसांचे जीवन परस्परांत गुंतलेले असताना त्यांतील एकाचेच चरित्र लिहिता येते, हे गृहीतच तपासावयास हवे. जावजी व राणोजी यांचे जोडचरित्र हाच या विषयाला न्याय देणारा प्रकार आहे. आणि मराठीत त्याला पूर्वोदाहरण नाही म्हणून तो अशक्य ठरत नाही.

ज्या देशातून हे कसब मुंबईस आले त्या देशाने आपल्या पहिल्या कारागिरांची चरित्रे कशी लिहिली, हे पाहणे येथे अप्रस्तुत होणार नाही. अमेरिकेत मुद्रकाच्या धंद्याला आरंभीच एक इतिहासकार लाभला आणि तोही धंद्यातलाच. आयझाया टॉमस लहानपणीच छापखान्यात उमेदवार म्हणून बांधला गेला होता. त्याने १८१० साली अमेरिकेतील मुद्रणाचा इतिहास दोन खंडांत प्रसिद्ध केला आणि दोन वर्षांनी एक पुरातत्त्व-संशोधन संस्था स्थापन केली. बेंजामिन फ्रँकलिन राजदूत झाला, जगप्रसिद्ध झाला, तरी मृत्युपत्रात त्याने आपल्या नावापुढे पहिला शब्द घातला तो ‘मुद्रक’. १८४५ साली बोस्टनमध्ये वंशावळींच्या संशोधनाला वाहिलेली संस्था निघाली आणि पुढे गावोगावच्या पहिल्या लोहार-सुतार-चांभारांचे वंशवृत्तांत छापले जाऊ लागले. चर्चच्या नोंदी, उमेदवारीचे करार, जमीनखरेदीचे कागद ही साधने तेथे सामान्य माणसालाही उपलब्ध होती. आपल्याकडील कारागिराच्या चरित्रकाराला हेवा वाटावा अशीच ही स्थिती आहे.

परंतु हेवा करताना डोळे उघडे ठेवावेत. त्या वाङ्मयाचाही एक रोग आहे : ‘पहिला’ कोण याचे वेड. पहिला मुद्रक, पहिला घड्याळजी, पहिली भट्टी. या वेडात ज्यांच्या हातांनी काम झाले ते बऱ्याचदा हरवले. अठराव्या शतकात बोस्टनमध्ये टॉमस फ्लीट नावाचा मुद्रक होता. त्याच्या छापखान्यातील गाण्यांच्या पत्रकांवर जी लाकडी ठशांची चित्रे असत ती त्याच्या ताब्यातील एका कृष्णवर्णीय गुलामाने कोरलेली होती, ही नोंद आयझाया टॉमसनेच करून ठेवली आहे. टॉमस स्वतः धंद्यातला होता म्हणूनच त्याला ती करावीशी वाटली, असे मला वाटते. राणोजी कोणाचे गुलाम नव्हते, आणि दोन्ही परिस्थितींची बरोबरी करणे अन्यायाचे होईल. तरी कोरणाऱ्याचा हात आणि छापणाऱ्याचे नाव यांत पडणारे अंतर दोन्हीकडे दिसते. आपल्याकडे ते बुजविण्यासाठी धंद्यातला इतिहासकार झाला नाही. आपल्याकडील इतिहास पंडितांनी लिहिला, आणि पंडितांना स्वाभाविकपणेच संपादक जवळचे वाटले.

साधनांचा प्रश्न राहतो. त्यातली पहिली अडचण अशी की, या मुद्रकांचे जे सर्वाधिक खपणारे काम तेच सर्वाधिक नाशवंत होते. पंचांग वर्षभर घरातल्या खुंटीला टांगले जाते आणि पाडव्याला नवे आले की जुने जाते. गणपत कृष्णाजींची कीर्ती पंचांगाने झाली. जावजींच्या छापखान्याचे व पंचांगाचे तर नावच एक. काव्यमालेचे खंड कपाटात राहिले म्हणून आपण जावजींना संस्कृतचे मुद्रक म्हणतो. पंचांगे राहिली असती तर कदाचित आणखी काही म्हटले असते. म्हणजे आपले मूल्यमापन काही अंशी काय टिकले यावर ठरले आहे.

या बाबतीत ठाणे-कल्याणकडील विद्यार्थ्यांना एक सोय आहे, जिचा उपयोग झालेला दिसत नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली स्थापन झाले, म्हणजे ज्या वर्षी जावजींनी ओतशाळा घातली त्याच वर्षी. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, जावजींच्या मृत्यूनंतरच्या वर्षातले. त्याआधीच, १८६६ साली, ठाण्यातून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघू लागले होते. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ साली आणि कल्याणपर्यंतची १८५४ साली सुरू झाल्याने छापलेला माल व टाइपाच्या पेट्या इकडे येण्यास अडचण उरली नव्हती. मुंबईच्या मुद्रणाचा इतिहास आपण मुंबईपुरता लिहितो. त्याचा गिऱ्हाइकवर्ग कोठवर पसरला होता हे पाहावयाचे तर ठाणे, भिवंडी, कल्याण येथील जुन्या छापखान्यांनी कोणाचे टाइप वापरले ते पाहिले पाहिजे. त्यासाठी कागदपत्र नसले तरी चालते. छापलेले पान हाच पुरावा आहे : ‘अ’चे वळण, ‘श’ची गाठ, शिरोरेषेतील सांधा यांवरून टाइपाची ओतशाळा बऱ्याच अंशी ओळखता येते. हे काम भिंग व सवड असलेला कोणीही पदव्युत्तर विद्यार्थी करू शकेल.

दुसरे साधन घरांतून आहे. विसाव्या शतकात गिरगाव-दादरकडील पुष्कळ मराठी कुटुंबे ठाणे, डोंबिवली, कल्याणकडे सरकली. त्यांच्याबरोबर स्तोत्रांची, व्रतांची, पाठ्यक्रमातील संस्कृत काव्यांची पुस्तकेही आली. छापखान्यांतून जुळारी किंवा यंत्रावरचे कामगार म्हणून आयुष्य घालविलेल्यांची पुढची पिढीही याच वस्त्यांतून असणार. खिळ्यांची जुळणी धंदा म्हणून संपली आहे. ज्यांनी ती केली अशी माणसे वयोवृद्ध आहेत. केसमधील कोणत्या कप्प्यात कोणते जोडाक्षर असे, कोणता खिळा लवकर मोडे, निर्णयसागरी व इतर टाइप हाताला वेगळे लागत का, हे प्रश्न त्यांनाच विचारता येतील, आणि ते विचारण्याचा अवधी फार नाही.

ग्रंथालयांविषयी एक तक्रार नोंदविणे प्राप्त आहे. जीर्ण पुस्तक बांधावयास दिले की, पुष्कळदा बाहेरचे वेष्टन व मागची जाहिरातीची पाने काढून टाकली जातात, आणि सूचीत प्रकाशक म्हणून ‘निर्णयसागर’ एवढाच शब्द भरला जातो. तुकाराम, पांडुरंग, सत्यभामाबाई हा सारा क्रम त्या एका शब्दात बुडून जातो. संगणकीय सूचीतही जुन्या कार्डावरचाच शब्द उतरवून घेतलेला आढळतो. मुखपृष्ठावरील तळाची ओळ जशीच्या तशी, नावासह व सालासह, स्वतंत्र रकान्यात उतरविली जावी आणि वेष्टने वेगळ्या लखोट्यात घालून पुस्तकाबरोबर ठेवली जावीत. एका वाचनालयातील निर्णयसागरी ग्रंथांपुरती अशी यादी करावयास दोन विद्यार्थ्यांना एक सत्र पुरेल.